एका ग्रुप फोटोच्या निमित्ताने



येत्या नाताळात आपल्या सर्वांचा मिळून एक फोटो काढावा, अशी सूचना पुढे आली आणि ती सगळ्यांना पटलीही. मोकळे मैदान, लहानथोर, झाडून सारी माणसे एका चौकटीत. यात विचार करण्यासारखे ते काय, असे कोणीही म्हणेल. फोटोग्राफरला सांगावे, खुर्च्या मांडाव्या, ‘हसा’ म्हणावे, काम झाले. परंतु तयारीच्या दोन बैठकींत जे प्रश्न निघाले ते ऐकताना आम्हांला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. तेथे वर्षभर जे प्रश्न फळ्यावर लिहिले जात, तेच येथे सतरंजीवर बसून विचारले जात होते, आणि येथे त्यांची उत्तरे डिसेंबरच्या आत द्यायची आहेत. म्हणून या आठवड्याचे पान त्यासाठीच खर्च करीत आहोत.

मराठी भाषेने या बाबतीत आपल्यावर एक उपकार करून ठेवला आहे. हिंदीत ‘हम’, इंग्रजीत ‘वुई’. एका शब्दात सगळे आले. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटले की समोरच्याने ओळखावे, आपले ताट मांडलेले नाही. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले की तोही पंगतीत आला. तेलुगूतही असा भेद आहे, हे तेलंगणात कामाला जाऊन आलेले आपलेच लोक सांगतील. (या लेखात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ती लिहिण्याची जुनी रीत आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.) कोणताही ग्रुप फोटो एक विधान करीत असतो: ‘हे पाहा, हे आपण.’ ते विधान खरे आहे की ‘आपण’ म्हणता म्हणता त्याचे ‘आम्ही’ झाले आहे, हे फोटो निघण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते.

ते ठरते प्रथम तारखेने. एकाने सुचवले, २६ जानेवारी धरा. सुटी असते, झेंडावंदनासाठी माणसे धुतलेल्या कपड्यांत बाहेर पडलेली असतात, पताका लावलेल्या असतात. सूचना सोयीची होती. पण जानेवारी लागला की आपल्या भागातून, शेजारच्या गडचिरोली-चंद्रपुरातून मजुरांच्या गाड्या मिरची तोडणीसाठी तेलंगणाकडे निघतात. केशोरीची मिरची पंचक्रोशीत नावाजलेली, आणि याच परिसरातली माणसे दुसऱ्याची मिरची तोडायला परराज्यात! काही कुटुंबे तर लेकराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह जातात आणि तोडणी संपली की परततात. म्हणजे २६ जानेवारीचा फोटो कदाचित फार सुंदर निघाला असता, पण तो ज्यांना घर सोडावे लागत नाही अशांचाच फोटो झाला असता. कोणी कोणाला वगळा असे म्हटले नव्हते. सुचवणाऱ्याच्या मनात तसे काही नव्हतेही. माणसे वगळण्यासाठी द्वेष लागतो असे आपण समजतो. बहुतेक वेळा एक सोयीची तारीख पुरते.

म्हणून नाताळानंतरचा रविवार ठरला. तोपर्यंत बहुतेकांची धानाची मळणी आटोपलेली असते, बाहेरगावी नोकरीला असलेले घरी आलेले असतात, आणि तोडणीच्या गाड्या अजून निघालेल्या नसतात. तरीही दवाखान्यात ड्यूटीवर असणाऱ्या आपल्या काही परिचारिका मुलींना येता येणार नाही. सगळ्यांच्या सोयीची तारीख पंचांगात नसतेच. कोणाची तरी गैरसोय होणारच. मग ज्याला रजा मागण्याचीसुद्धा सोय नाही त्याचा विचार आधी करावा, असे आमचे मत पडले.

दुसरा प्रश्न खुर्च्यांचा. शाळेचा फोटो आठवा. मध्ये हेडमास्तर, त्यांच्या दोन्ही बाजूंना ज्येष्ठतेप्रमाणे गुरुजी, मागे बाकावर उंच मुले, पुढे जमिनीवर मांडी घालून लहान मुले, आणि शिपाई मामा एका टोकाला, अर्धे चौकटीत अर्धे बाहेर. फोटो पाहिला की कोण किती मोठा हे नाव न वाचता कळते. आपल्याकडेही मधली खुर्ची आमच्यासाठी ठेवण्याचे घाटत होते, तीवर स्वच्छ टॉवेलही अंथरणार होते म्हणे. त्या प्रेमाबद्दल आभार. पण खुर्ची हा गुडघ्यांचा प्रश्न आहे, मानाचा नाही. ज्यांना तास-अर्धा तास उभे राहवत नाही त्या आजीआजोबांना, गरोदर बायकांना, तापातून उठलेल्यांना खुर्च्या द्याव्या. आम्हांला अजून उभे राहता येते.

या खुर्च्यांवरून आम्हांला एक जुना फोटो आठवतो. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. ते मुळात पुण्यात व्हायचे होते, पण तेथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईला हलवले. ७२ प्रतिनिधी जमले. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, ॲलन ह्यूम, दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता. त्या अधिवेशनाचा ग्रुप फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकात पाहिला असेल. पगड्या, फेटे, पारशी टोप्या, दाढ्या, कोट. ती थोर माणसे होती, आणि सगळ्या देशाच्या वतीने ती प्रामाणिकपणे बोलत होती. पण त्या फोटोत एकही स्त्री नाही. नांगर धरणारा माणूसही शोधून सापडत नाही. आज आपल्याला हे चटकन दिसते, त्यांना त्या दिवशी दिसले नसावे. कारण चौकटीच्या आत उभे राहिलेल्याला चौकटीबाहेरचे दिसत नाही, तो कॅमेऱ्याकडे पाहत असतो. चार वर्षांनी, १८८९ साली मुंबईतच भरलेल्या अधिवेशनात स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या. त्यांत आपल्या पंडिता रमाबाई होत्या. देश तोच, शहर तेच. ‘आपण’ या शब्दाचा घेर मात्र थोडा वाढला होता.

तिसरी गोष्ट उजेडाची. ही निव्वळ तांत्रिक बाब आहे, फोटोग्राफरवर सोपवावी, असे आम्हीही म्हटले असते. पण त्यांच्याशी बोललो तेव्हा मजेशीर माहिती मिळाली. सूर्य माणसांच्या समोर असला तर सगळे डोळे बारीक करतात. मागे असला तर चेहरे काळे पडतात. डोक्यावर आला तर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. झाडाखाली उभे करावे तर पानांतून पडणारे कवडसे एकाच्या नाकावर आणि दुसऱ्याच्या गालावर. म्हणून सकाळी ९ च्या सुमारास इमारतीच्या पश्चिमेला, जेथे सावली आहे पण वर मोकळे आकाश आहे, तेथे उभे राहायचे. त्या उजेडात कोणालाच जास्त नाही, कोणालाच कमी नाही. आणि मग ते म्हणाले, ‘फादर, तुमचा पांढरा झगा जरा अवघड जाईल.’ कॅमेऱ्याने झग्यावर उजेड मोजला तर झगा नीट येतो, त्याच्या घड्यासुद्धा दिसतात, पण भोवतालचे उन्हातान्हात रापलेले चेहरे अंधारात जातात. चेहऱ्यांवर मोजला तर चेहरे उजळतात आणि झगा नुसता पांढरा डाग होतो. दोन्ही साधणे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही.

हा प्रश्न आपल्या मैदानापुरता नाही. कोडॅक कंपनीने फोटोंच्या छपाईतले रंग जुळवण्यासाठी कित्येक वर्षे एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेले कार्ड प्रयोगशाळांना पुरवले. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या गोऱ्या चेहऱ्याचा रंग बरोबर आला म्हणजे छपाई बरोबर, असे ठरलेले. परिणाम असा की गोऱ्या आणि काळ्या मुलांचा एकत्र फोटो काढला तर काळ्या मुलांचे पुष्कळदा नुसते डोळे आणि दात दिसत. यंत्र पक्षपाती नसते, हे खरे. पण त्याला ‘बरोबर’ म्हणजे काय हे शिकवणारा कोणीतरी माणूसच असतो. आपल्या फोटोपुरता आम्ही निर्णय दिला आहे: उजेड चेहऱ्यांवर मोजावा. झगा धोब्याकडून आला की पुन्हा पांढरा होतोच.

युवक मंडळाची एक कल्पना मात्र आम्हांला नाकारावी लागली, आणि तिच्यावर बरीच चर्चा झाली. ड्रोन आणायचा, सगळ्यांना मैदानात क्रूसाच्या आकारात उभे करायचे आणि वरून फोटो घ्यायचा. कल्पना सुंदर आहे, जुनीही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आर्थर मोल आणि जॉन थॉमस हे दोघे अशी ‘जिवंत चित्रे’ काढीत. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र १९१८ च्या जुलैतले, आयोवा राज्यातल्या कॅम्प डॉज या लष्करी छावणीतले. १८ हजार माणसे उभी करून त्यांनी स्वातंत्र्यदेवतेची आकृती घडवली. ८० फुटी मनोऱ्यावर कॅमेरा ठेवला होता. आता गंमत पाहा. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून आकृती प्रमाणात यावी यासाठी पायथ्याशी, कॅमेऱ्याजवळ, अवघे १७ जण पुरले. आणि सर्वांत दूरच्या मशालीच्या ज्योतीसाठी सुमारे १२ हजार लागले असे सांगतात. जुलैचा उकाडा, अंगात लोकरी गणवेश. काही जण भोवळ येऊन पडले. चित्र अप्रतिम आहे. पण ज्योतीतला एकही माणूस ओळखता येत नाही. त्याच्या आईला ते चित्र दाखवले असते तर तिने कोठे बोट ठेवले असते?

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने सांगितले की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे. सेमिनरीत हे वाक्य पाठ करायला सोपे वाटे. आता कोणी विचारील, आकार पवित्र असेल तर? त्यासाठी माणसाने ठिपका व्हायला काय हरकत? मिरवणुकीत, समूहगीतात आपण स्वतःला विसरतोच की. हा आक्षेप हलका नाही, आणि मुलांनी तो चांगला मांडला. आमचे उत्तर असे की समूहगीतात प्रत्येकाचा आवाज लागतो, तो गाणाऱ्याच्या स्वतःच्या गळ्यातून येतो. वरून घेतलेल्या चित्रात मात्र माणसाच्या ऐवजी पोते ठेवले तरी चित्र बिघडत नाही. जेथे माझ्या जागी पोते चालते तेथे मी हजर होतो असे कसे म्हणावे? एरवी एखाद्या सणाला मुलांनी हौसेने तसे जरूर करावे. पण हा फोटो चेहऱ्यांचा आहे. रांगा लावायच्या, उंच माणसे मागे, पायऱ्यांचा उपयोग करायचा, आणि एकच नियम: तुम्हांला कॅमेऱ्याची काच दिसली पाहिजे. ती दिसली तर तुम्ही तिला दिसता.

डोळे मिटण्याची चिंता पुष्कळांनी व्यक्त केली. तिच्यावर ऑस्ट्रेलियात दोघांनी खरोखर गणित मांडले आहे. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी सांगितले की २० पेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागावे. तितके फोटो काढले की एकात तरी सर्वांचे डोळे उघडे सापडण्याची भरपूर शक्यता. उजेड कमी असेल तर २ ने भागावे. आणि ५० च्या आसपास माणसे झाली की आशा सोडून द्यावी. त्यांना २००६ साली ‘इग नोबेल’ हे विनोदी पण मानाचे पारितोषिक मिळाले. आपण ५० पेक्षा कितीतरी जास्त असू. तेव्हा कोणाचे तरी डोळे मिटणारच, हे गणिताने सिद्ध आहे. त्यावरून घरी गेल्यावर भांडू नये.

येथे एक मुलगा म्हणाला, फादर, त्याची काळजी नको, मोबाइल ते करतो. ते खरे आहे. २०२३ पासून काही फोनमध्ये अशी सोय आली आहे की लागोपाठच्या फोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडून एकाच फोटोत बसवता येतो. २०२४ मध्ये आणखी पुढची सोय आली: फोटो काढणारा स्वतः नंतर चौकटीत येऊन उभा राहतो आणि फोन दोन्ही फोटो जोडून देतो. यात खोटे आहे का? आमच्या मते फारसे नाही. तोच माणूस, तीच जागा, तेच मिनिट. पापणी मिटली ती उघडून दाखवली. फोटो काढणाराही तेथे होताच.

पण या सोयीमुळेच खरा प्रश्न आला, आणि तो विचारला एका आईने. मिस्सानंतर सगळे गेल्यावर ती थांबली. तिचा तरुण मुलगा आता या जगात नाही. त्याचा मोबाइलमधला एक हसरा फोटो तिच्याजवळ आहे. तिने विचारले, ‘मागच्या रांगेत कोठेतरी त्याला बसवता येईल का? कोणाला कळणारही नाही.’ जवळ उभ्या असलेल्या मुलाने लगेच सांगितले की येईल, पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही तेव्हा काही बोललो नाही.

रोलां बार्थ या फ्रेंच लेखकाने आपली आई गेल्यानंतर छायाचित्रणावर एक लहानसे पुस्तक लिहिले; ते १९८० साली निघाले. फोटोचे बळ कशात आहे याचा शोध घेताना त्याला आढळले की चित्रकार न पाहिलेलेही रंगवू शकतो, पण फोटो सांगतो की हे माणूस खरोखर त्या क्षणी कॅमेऱ्यासमोर होते. ज्या फोटोवर त्या पुस्तकाचा अर्धा भाग उभा आहे, तो त्याच्या आईचा लहानपणचा फोटो त्याने पुस्तकात छापलाच नाही. तो त्याच्यासाठी होता. फोटो साक्षीदार असतो, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. साक्षीदाराच्या तोंडी आपल्याला हवे ते घालायचे ठरवले की ते प्रेमाने घातले की कपटाने, हा फरक पुढे राहत नाही. स्टालिनच्या राज्यात निकोलाय येझोव हा अधिकारी मर्जीतून उतरला, १९४० साली त्याला गोळी घातली गेली, आणि कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी चालतानाचा त्याचा फोटो होता त्यातून त्याला पुसून टाकून तेथे पाणी रंगवले गेले. त्या माणसाची या आईशी तुलना करणे क्रूरपणाचे आहे, आणि आम्ही ती करीत नाही. पण हत्यार एकच आहे.

ती म्हणेल, मी कोणाला फसवते आहे? सगळ्या गावाला माहीत आहे. खरे आहे, आज सगळ्यांना माहीत आहे. परंतु फोटो माहीत असणाऱ्यांपेक्षा जास्त जगतो. चाळीस वर्षांनी कोणाचे तरी नातवंड बोट ठेवून म्हणेल, हा पाहा, हाही त्या दिवशी होता. आणि तो नव्हता. त्याचे नसणे हेच त्या रविवारी तिच्या घरातले सर्वांत मोठे सत्य असेल. ते चाळीस वर्षांनी पुसले गेलेले असेल, तेही तिनेच पुसलेले.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आर्ट केन या तरुणाने जॅझ संगीतातल्या ५७ कलावंतांना सकाळी १० वाजता एका घराच्या पायऱ्यांवर जमवले. रात्रभर वाजवणाऱ्या माणसांना ती वेळ म्हणजे मध्यरात्रच. कोणी रांगेत राहीना, सगळे गप्पांत रंगले. काउंट बेसी हे थोर वादक दमून फुटपाथच्या कडेला बसले, तर वस्तीतली पोरे त्यांच्या शेजारी ओळीने येऊन बसली आणि फोटोत कायमची आली. विली स्मिथ नावाचे पियानोवादक मात्र कंटाळून शेजारच्या पायरीवर जाऊन टेकले, आणि जो फोटो पुढे छापला गेला त्यात ते नाहीत. ते हजर होते, फोटोत नाहीत. कोणी त्यांना नंतर चिकटवले नाही, आणि आज तो फोटो दाखवणारे आवर्जून सांगतात की विली स्मिथही तेथे होते. फोटोबाहेरच्या माणसाला फोटोशेजारी शब्दांत जागा मिळाली.

आम्ही त्या आईला असे सुचवले आहे की मुलाचा फोटो चौकटीत बसवून हातात धरून उभे राहावे. आपल्याजवळच गोठणगाव परिसरात १९७२ पासून तिबेटी बांधवांची वसाहत आहे. तिबेटी समाजात दलाई लामांची तसबीर आसनावर ठेवण्याची रीत आहे. ते येथे बसले आहेत असे कोणी समजत नाही, आणि ते आपले नाहीत असेही कोणी समजत नाही. हातात धरलेला फोटो खरे बोलतो. तो म्हणतो, हा गेला, आणि आम्ही याला धरून आहोत. अशा तसबिरी आणखी कोणाला आणायच्या असतील तर आणाव्या, त्यांच्यासाठी पहिल्या दोन रांगांत जागा ठेवू. काचेवर उजेड चमकू नये म्हणून तसबीर किंचित खाली झुकवून धरावी, असे फोटोग्राफरने सांगितले आहे. घरच्या भिंतीसाठी मुलासह जोडलेले चित्र तिला करून घ्यायचे असेल तर त्याला आमची मुळीच हरकत नाही. ते तिचे चित्र असेल. आम्ही फक्त सर्वांच्या फोटोबद्दल बोलतो आहोत. तिने अजून काही कळवलेले नाही, आणि कळवण्याची घाई तिने करू नये.

राहिला नावांचा प्रश्न. १९४२ च्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो स्त्रिया तेथे आल्या. त्या महिन्यातला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत स्त्री-प्रतिनिधींचा ग्रुप फोटो आजही छापला जातो. फार बोलका फोटो आहे. पण त्याखाली बहुधा बाबासाहेबांचे नाव आणि पुढे ‘महिला प्रतिनिधी’ एवढेच असते. चेहरे मिळाले, नावे हरवली. कोणाची तरी आजी त्यात आहे आणि नातीला ते ठाऊक नाही.

आपल्या फोटोमागे म्हणून दोन याद्या चिकटवायच्या आहेत. एक रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे. दुसरी, ज्यांना त्या दिवशी येता आले नाही त्यांची: ड्यूटीवरच्या मुली, अंथरुणाला खिळलेले, लवकर निघून गेलेली कुटुंबे. नावांची वही पुढच्या रविवारपासून मिस्सानंतर दाराजवळच्या टेबलावर असेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची नावे युवक मंडळातली मुले लिहून घेतील. बायकांनी स्वतःचे नाव सांगावे, नुसते ‘अमक्याची आई’ असे नको. फोटोग्राफरचे नाव पहिल्या यादीच्या शेवटी येईल. चटया ज्यांच्याकडे जास्तीच्या आहेत त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून द्याव्या, सकाळी दंव असते.